लिंबोणी चाकाच्या खुर्चीत

उणे बत्तीस तापमानात लिंबाचं झाड शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला कसं न्यावं, हे विचारायला माझ्याकडे कोणी येणार नाही, याची मला कल्पना आहे. तरी सांगतो. कारण या प्रकरणाची जी हकिगत आमच्या इमारतीतल्या कपडे धुण्याच्या खोलीत सांगितली जाते, तिच्यात मी विनोदी पात्र आहे. वास्तविक त्या दिवशी डोकं शांत ठेवून वागलेला माणूस एकटा मीच होतो. मधे काही वेळ आपण कुठे आहोत हे मला ठाऊक नव्हतं, एवढंच.

झाड माझ्या सासूचं. तिला आम्ही सगळे 'बाबा' म्हणतो. आम्हा युक्रेनी लोकांत आजीला बाबाच म्हणतात, आणि एकदा नातवंडं म्हणायला लागली की जावयालाही म्हणावं लागतं. नाव तिला शोभतंही. घरात बापाचा अधिकार तिच्या हातात होता आणि सासरे हयात असतानाही त्यांनी त्यावर कधी हक्क सांगितला नाही.

शरद ऋतूत बाबाला जिने चढवेनात, म्हणून ती इथे कॅनडात, विनिपेगच्या मध्यवस्तीतल्या एका वृद्धनिवासात राहायला गेली. सामान गेलं, देवाच्या तसबिरी गेल्या, लिंबोणी मात्र आमच्याकडे राहिली. खोली लागली की नेऊ, म्हणता म्हणता बर्फ पडायला लागला. आणि एकदा आमच्याकडे बर्फ पडला की एप्रिलपर्यंत तो घरचाच होतो. लिंबाचं झाड त्या हवेत निघालं तर रस्ता ओलांडेपर्यंत त्याचं सरपण होणार.

तेव्हा तोंडातून निघून गेलं ते असं. "बाबा, काळजी कशाला? आमची इमारत स्कायवॉकला जोडलेली. तुमचीही जोडलेली. मधे सगळे काचेचे पूल आणि बंदिस्त वाटा. झाडाला बाहेरचा वारासुद्धा न लागता तुमच्या खिडकीत आणून ठेवतो. आपल्या नव्या वर्षाला!"

आपलं नवं वर्ष म्हणजे जुन्या पंचांगाचं, जानेवारीच्या मध्यावर येतं ते. दार्काने, म्हणजे माझ्या बायकोने, टेबलाखालून मला लाथ मारली. पण लाथ नेहमी वाक्य संपल्यावर येते. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तिला हे तंत्र साधलेलं नाही.

त्यानंतर बाबाचा रोज संध्याकाळी फोन.

"पानं किती राहिली?"

"भरपूर आहेत, बाबा."

"भरपूर म्हणजे तू मोजत नाहीस."

खरं म्हणजे पानं गळत होती. आमची खिडकी उत्तरेकडची, वर रेडिएटरची कोरडी ऊब. सकाळी उठावं तर जमिनीवर पिवळी पानं पडलेली. दार्का ती मुकाट्याने झाडून घ्यायची आणि माझ्याकडे बघायची. मग एका रविवारी ती आईला भेटून आली आणि ओल्या बुटांसकट स्वयंपाकघरात बसली.

"ती कोट घालून बसते," दार्का म्हणाली.

"थंडी वाजत असेल."

"खोलीत उकडतंय, ओरेस्ट. ती पलंगाच्या कडेला कोट घालून, पिशवी मांडीवर घेऊन बसते. स्टेशनवर बसल्यासारखी. जेवायलाही खाली जात नाही. मी म्हटलं, आई, कोट काढ ना. तर म्हणते, 'कशाला? मी इथे राहायला थोडीच आलेय?'"

माणसाचा विनोद कुठे थांबतो हे मला कळतं. मी म्हणालो, "उद्या मार्ग पाहून येतो."

आता हे सांगायला हवं की मी भूगोलाचा शिक्षक होतो. निवृत्त झालो तरी भूगोल काही निवृत्त होत नाही. नाईल नदीचा उगम मी मुलांना डोळे मिटून दाखवलेला आहे. त्यामुळे चार इमारती, दोन मॉल आणि काही पूल यांच्यापुढे आपली फजिती होईल अशी शंकासुद्धा मनात आली नाही. कोटही घरीच ठेवला. घरातल्या घरात जायला कोट कशाला? स्वेटर घातला आणि निघालो.

स्कायवॉक आमच्या गावाने मोठ्या उमेदीने बांधला, तेव्हा दुपारी तिथे चालायला जागा नसायची. आता चालायला जागाच जागा आहे. दुकानांच्या झडपा खाली. एक चप्पल दुरुस्तीवाला, एक मोबाइलची कव्हरं विकणारा, कॉफी घेऊन बसलेली चार म्हातारी माणसं, प्लास्टिकचे माड. मधूनच बूट वाजवत एखादी कचेरीतली बाई झपाझप येते, जणू तिच्या मागे कोणी लागलंय, आणि कुठल्याशा दारातून नाहीशी होते. ज्या दारातून ती जाते त्यातून आपण गेलो तर ते कुलूपबंद असतं. हे कसं, ते मला अजून कळलेलं नाही.

भिंतीवर नकाशा होता. नकाशा खोटं बोलत नाही, हे मी मुलांना आयुष्यभर शिकवलं. या नकाशात 'आपण इथे आहात' असा लाल ठिपका होता, तो लोकांनी बोट लावून लावून पुसला होता. म्हणजे आपण कुठे आहोत ते सोडून बाकी सगळं त्यात होतं. मी दिशा ठरवली, पूल ओलांडला, डावीकडे वळलो, बंद पडलेल्या फूड कोर्टातून पुढे गेलो, आणखी एक पूल ओलांडला आणि बंद पडलेल्या फूड कोर्टात आलो. मला वाटलं, दुसरं असेल. पण मघाशी पाहिलेली उलटी खुर्ची तिथेही होती. तिसऱ्या वेळी मी ती सुलटी करून ठेवली. चौथ्या वेळी ती सुलटीच होती, तेव्हा मात्र मला वाईट वाटलं.

मग एक दार दिसलं. ढकललं, उघडलं. पलीकडे गेलो, दार मागे बंद झालं, आणि त्याच्या बाहेरच्या बाजूला पाटी दिसली: 'हे दार या बाजूने उघडत नाही.' सूचना अगदी योग्य होती, फक्त लावायची बाजू चुकली होती. मी एका पार्किंगच्या उघड्या जिन्यात उभा होतो. उणे बत्तीस, अंगात स्वेटर.

मी धावलो. माझ्या वयाचा माणूस विनिपेगमध्ये जानेवारीत स्वेटरवर धावताना पाहून गाड्यांनी स्वतःहून थांबून वाट दिली. पहिलं जे दार दिसलं त्यात शिरलो. मिशीचा बर्फ झाला होता, बोलता येईना. तिथे एका चर्चतर्फे गरजू लोकांना जेवण देत होते. एका प्रेमळ बाईने मला खांद्याला धरून बसवलं, डोक्यावर लोकरीची टोपी चढवली, हातात वाटाण्याचं सूप दिलं आणि हळूच विचारलं, "रात्री झोपायची सोय आहे ना?"

मी शिक्षक होतो, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "हो, हो. कोणावरही वेळ येते."

सूप उत्तम होतं. उगाच खोटं कशाला बोलू!

घरी आल्यावर दार्काने विचारलं, "ही टोपी कुठली?"

"पाहणी करताना मिळाली."

"आणि मार्ग?"

"मार्ग आहे," मी म्हणालो. "नक्की आहे. फक्त तो सलग नाही."

ही बातमी इमारतीत पसरली. आमच्याकडे बातमी कपड्यांच्या यंत्रांतून पसरते. सल्ले यायला लागले. खालच्या मजल्यावरच्या तीना फ्रीझनबाई म्हणजे काटकसरीचा कळस. वापरलेल्या चहाच्या पुडीचा धागासुद्धा त्या वाळवून ठेवतात. त्या म्हणाल्या, "अर्धं कापा. अर्धं झाड न्यायला सोपं. आणि मेलंच तर दुःखही निम्मंच."

शेजारचा रोमुलो हा निवृत्त बसचालक. मूळचा फिलिपिन्सचा, त्यामुळे मला 'कुया' म्हणतो, म्हणजे दादा. वयाने तो माझ्याहून मोठा असावा अशी मला शंका आहे, पण तो जन्मतारीख सांगत नाही. "कुया, रस्त्याने सांग, डोळे मिटून नेतो. या नळ्यांमधून मला काही कळत नाही. नळीला थांबे नसतात. पण आधी परवानगी काढ. बत्तीस वर्षं बस चालवली, एक गोष्ट शिकलो. झाड घेऊन चढणाऱ्या माणसाला कोणीतरी अडवतंच."

म्हणून मी फोन केले. मॉलवाले म्हणाले, पुलाचं पुलाच्या लोकांना विचारा. पुलाचे लोक म्हणजे शेजारच्या इमारतीचे लोक. ते म्हणाले, पूल आमचा, पण वाट नगराची. नगराच्या कार्यालयात एका अतिशय नम्र बाईंनी विचारलं, "झाड हे सामान आहे की कार्यक्रम?"

"म्हणजे?"

"सामान असेल तर मालाच्या लिफ्टने न्यावं लागेल."

"ती कुठे निघते?"

"मागच्या गल्लीत."

"गल्ली बाहेर आहे का?"

"गल्ली बाहेरच असते, सर."

"मग कार्यक्रम."

"कार्यक्रमाला विमा लागतो. प्रेक्षक किती अपेक्षित आहेत?"

मी म्हणालो, एकही नाही. त्या म्हणाल्या, प्रेक्षक नसलेल्या कार्यक्रमाला त्या परवानगी देऊ शकत नाहीत. मी विचारलं, "बाईसाहेब, त्या वाटेने विनापरवाना काय काय जाऊ शकतं?" त्यांनी थोडा विचार करून प्रामाणिकपणे सांगितलं, "माणसं."

मी फोन ठेवला तेव्हा रोमुलो आमच्या सोफ्यावर पेरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, खात होता. तो म्हणाला, "मग माणूस करू या."

फ्रीझनबाईंच्या कपाटात त्यांच्या कैलासवासी यजमानांची चाकाची खुर्ची होती. ती देताना त्यांनी एवढंच बजावलं, "माती सांडायची नाही. आणि आमच्या यजमानांनी तिला कधी धडकवलेली नाही, हे ध्यानात ठेवा."

नव्या वर्षाच्या दिवशी सकाळी आम्ही लिंबोणीला खुर्चीत बसवलं. झाड कोबी आंबवायच्या दगडी बरणीत लावलेलं होतं. ती उचलताना माझ्या कमरेतून जो आवाज आला तो रोमुलोला दाराचा वाटला. बरणी खुर्चीच्या पट्ट्यांनी बांधली. दारादारांच्या फटींतून वारा लागू नये म्हणून दार्काने झाडाला चादर गुंडाळली आणि शेंड्याला बाबाचा लाल फुलांचा रुमाल बांधला. लांबून पाहिलं तर एक धिप्पाड म्हातारी चर्चला निघाल्यासारखी. बसलेली असूनही माझ्याहून उंच.

आम्ही निघालो. पुढे मी वाट दाखवायला, मागून रोमुलो ढकलायला, बाजूने दार्का, एका हाताने शेंडा धरून, दुसऱ्या हातात आईसाठी केलेल्या कोबीच्या सारणाच्या पावांची पिशवी. यावेळी कोट मी घातला होता.

एक गोष्ट कबूल करायला हवी. आमच्या गावचे लोक सभ्य आहेत. जिथे मला एकट्याला दार उघडून मिळालं नव्हतं तिथे लिंबोणीसाठी लोक धावत आले. "आजी, सांभाळून हं." "आजी, नवीन वर्षाच्या शुभेच्छा!" लिफ्टमधल्या एका गृहस्थाने आदराने टोपी काढली आणि मला विचारलं, "तुमच्या मातोश्री... उंच आहेत, नाही?"

"तरुणपणी बास्केटबॉल खेळायच्या," रोमुलो मागून म्हणाला.

"आता बोलत नाहीत का?"

"मुळातच कमी बोलतात," दार्का म्हणाली. "घरात एकाने तरी कमी बोललेलं बरं असतं."

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि आपलं सगळं सुरळीत चाललंय हे लक्षात येण्याइतका मी मूर्ख होतो. पुढचा पूल दुरुस्तीसाठी बंद. छतातून पाणी गळत होतं आणि खाली बादली. वळसा घेऊन आम्ही अर्ध्या रिकाम्या मॉलमध्ये शिरलो, तर मधोमध टेबल मांडून एक नर्सबाई फ्लूची लस टोचत बसलेल्या. सकाळपासून त्यांच्याकडे कोणी फिरकलं नसावं. आम्हाला पाहून त्यांचा चेहरा असा उजळला की मला त्यांची दयाच आली.

"या, या आजी! दोन मिनिटांचं काम!"

"त्यांना नको आहे," मी म्हणालो.

"त्यांच्या वतीने तुम्ही नका बोलू हं," नर्सबाई हसून पण करड्या आवाजात म्हणाल्या. "या वयातल्या बायकांना घरचे लोक बोलूच देत नाहीत. आजी, भिऊ नका. हात द्या पाहू." आणि त्यांनी चादरीत हात घातला.

लिंबोणीला काटे असतात. आमच्या झाडाला तर चांगले बोटभर आहेत.

"आई गं! चावल्या! आजी चावल्या मला!"

मॉलमध्ये जी काही दहा-बारा माणसं होती ती सगळी गोळा झाली. हाच तो कार्यक्रम, प्रेक्षकांसह, आणि विमा काढलेला नाही, असं माझ्या मनात येऊन गेलं. पाठोपाठ सिक्युरिटीचा माणूस धावत आला. कोवळा, सडपातळ, गणवेश दोन मापं मोठा. छातीवर नाव: तेक्ले.

"कोण चावलं?"

नर्सबाईंनी बोट चोखत बोट दाखवलं. तेक्ले खुर्चीपुढे वाकला, मोठ्या अदबीने म्हणाला, "आजी, असं करू नये," आणि रुमाल जरासा वर केला. आत पानं. तो बराच वेळ पानांकडे बघत राहिला. मग त्याने वॉकी-टॉकी तोंडाशी नेला.

"सर, ही आजी नाहीये. झाड आहे."

पलीकडून घरघर. "कसलं झाड?"

तेक्लेने नर्सबाईंच्या बोटाकडे पाहिलं. "चावणारं, सर."

"सगळ्यांना जवळच्या दाराने बाहेर काढ. आत्ता!"

जवळचं दार समोरच होतं. काचेपलीकडे वारा बर्फाची पूड उडवत होता. लोकांच्या पापण्या पांढऱ्या झालेल्या दिसत होत्या. माझी गंमत संपली. मी तोंड उघडणार तोच दार्का पुढे झाली. ती सहसा अनोळखी माणसांशी बोलत नाही.

"हे बघ बाळ," ती म्हणाली, "या दाराने गेलं तर झाड मरेल. ते माझ्या आईचं आहे. मी झाले तेव्हा तिने बी रुजवलं होतं. ती आता पलीकडे वृद्धनिवासात आहे आणि तीन महिने कोट घालून बसली आहे. तिला वाटतं आम्ही तिला तिथे विसरून आलो. मला तिला एवढंच दाखवायचंय, की आम्ही मागून येतोय."

नर्सबाईंनी बोट तोंडातून काढलं. तेक्लेने वॉकी-टॉकी खाली केला.

"माझी आई तिकडे आफ्रिकेत, अस्मारात आहे," तो म्हणाला. "तिच्या अंगणातही लिंबू आहे." मग दाराकडे पाहून म्हणाला, "सर जवळचं दार म्हणाले. पण मी सोमवारीच लागलोय. मला इथलं एकही दार नीट माहीत नाही. तुम्हाला जे माहीत असेल ते दाखवा, मी त्यातून तुम्हाला बाहेर काढतो."

"माझ्यामागून या," मी म्हणालो. हे वाक्य म्हणायची संधी माणसाला आयुष्यात फार वेळा मिळत नाही.

आम्ही दोन वळणं घेतली, एक लिफ्ट, एक लांबलचक गल्ली, आणि पुन्हा नर्सबाईंच्या टेबलाशी आलो. त्यांनी घाईघाईने खुर्ची मागे ओढली. दुसऱ्यांदा आलो तेव्हा त्या टेबलामागे जाऊन उभ्या राहिल्या. वॉकी-टॉकीवरून साहेबांनी विचारलं, "कुठे आहेस?" तेक्ले म्हणाला, "चालतोय, सर." खोटं नव्हतं.

"कुया," रोमुलो धापा टाकत म्हणाला, "या मार्गावरची बस मी केव्हाच सोडून दिली असती."

शेवटी एका काचेच्या पुलावर मी सगळ्यांना थांबवलं. दुपार झाली होती. जानेवारीतला सूर्य आमच्याकडे क्षितिजाला टेकून चालतो, पण चालतो दक्षिणेकडूनच. सूर्य उजवीकडे, म्हणजे आपलं तोंड पूर्वेला. वृद्धनिवास पूर्वेला. "सरळ!" मी गरजलो. आणि खरोखर, पुढच्या पुलाच्या टोकाला वृद्धनिवासाचं दार दिसलं! भूगोलाने मला सोडलं नव्हतं. माझा ऊर भरून आला. पुलाच्या तोंडाशी बाण दाखवणारी वृद्धनिवासाची हातभर पाटी होती, असं दार्का नंतर म्हणाली. मी ती पाहिली नाही, त्यामुळे माझ्या निष्कर्षाचं मोल कमी होत नाही.

दारात व्यवस्थापिका उभ्या होत्या. थोर्डिसबाई. चेहरा स्वच्छ, आवाज गार. "माफ करा. मातीच्या कुंड्या आत चालत नाहीत. मुंग्या होतात."

"अहो बाहेर उणे बत्तीस आहे," मी म्हणालो. "मुंग्या येणार कुठून? विमानाने?"

"नियम आहे."

मी त्यांना माझी मिशी, सूप, नगराच्या बाई, नर्सबाईंचं बोट, सगळं सांगणार होतो. एवढ्यात थोर्डिसबाईंच्या मागून चाकांच्या वॉकरचा खडखडाट आला. बाबा. अंगात कोट, पायात सपाता. आरडाओरडा ऐकून ती स्वतःहून खोलीबाहेर आली होती. खुर्चीतल्या मूर्तीकडे तिने डोळे बारीक करून पाहिलं.

"ही कोण बया माझा रुमाल बांधून आली?"

दार्काने रुमाल सोडला, चादर काढली. काही पानं खाली पडली, पण हिरवीही होती, आणि मधे कुठेतरी पांढऱ्या कळ्यांचा एक घोस. तो मीही पाहिला नव्हता. बाबाने वॉकर सोडला, दोन्ही हातांनी एक फांदी धरली आणि तोंड पानांत घातलं. काट्यांची तिला भीती नव्हती. ती तशीच उभी राहिली. दार्काने पिशवी माझ्या हातात दिली आणि काचेकडे तोंड केलं. तेक्लेने टोपी काढली.

मग पानांतून आवाज आला, "पाणी जास्त घातलंस."

"बाबा, मी..."

"जास्तच घातलंस. आणि इथे ऊन आहे." तिने डोकं वर काढून पूल न्याहाळला. दक्षिणेची काच, खाली ऊब सोडणारी जाळी, कडेला एक रिकामं बाकडं. "माझ्या खोलीत ऊन नाही. इथेच राहू दे हिला."

"पण हा पूल आमचा नाही," थोर्डिसबाई म्हणाल्या आणि तेक्लेकडे पाहिलं. तेक्लेने वॉकी-टॉकीवर विचारलं, "सर, शेवटचा पूल आपला आहे का?"

"मुळीच नाही!" साहेब एवढ्या मोठ्याने ओरडले की सगळ्यांना ऐकू आलं. "त्याचं छत गळतं. तो आपला नाही, हे आपण कोर्टात सांगितलंय!"

थोर्डिसबाई म्हणाल्या, "आम्हीही."

थोर्डिसबाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. "जो पूल माझा नाही," त्या सावकाश म्हणाल्या, "त्यावर काय ठेवलंय ते मला दिसण्याचं कारण नाही." आणि त्या आत गेल्या. पाच मिनिटांनी पाण्याची झारी घेऊन आल्या, बाकड्याखाली ठेवली आणि काही न बोलता परत गेल्या.

कोबीचे पाव आम्ही तिथेच खाल्ले. तेक्लेने चार खाल्ले. साहेबांनी पुन्हा विचारलं, कुठे आहेस, तर तो म्हणाला, "सर, कुणाच्याच हद्दीत नाही." बाबाने त्याच्या आईचं नाव विचारलं, गावाचं नाव विचारलं, लग्नाचं विचारलं. त्याचा चौथा पाव संपेपर्यंत तिला उकडायला लागलं. तिने कोट काढून माझ्या अंगावर फेकला. "धर हे."

इथे ही हकिगत संपायला हवी होती. पण चाकाची खुर्ची राहिली ना! बाबा तिच्यात बसली ती बसलीच. फ्रीझनबाई खुर्ची मागायला म्हणून गेल्या, त्यांना मी स्वतः वाट सांगितली होती, त्यामुळे पोचायला त्यांना दुपार झाली. त्या बाकड्यावर टेकल्या, झाडाची वाळकी पानं गोळा करून पिशवीत भरली, कशाला ते देवाला ठाऊक, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. मग निवासातल्या आणखी दोघी आल्या. रोमुलो ढकलायला म्हणून जायला लागला. बाबाची जेवणं खालच्या खोलीत व्हायला लागली, कारण जेवण झालं की 'पुलावर' जायचं असे.

फेब्रुवारीत एका दुपारी मी बाबासाठी बोर्श्टचा, म्हणजे आमच्या बिटाच्या सुपाचा, डबा घेऊन गेलो, तर खोली रिकामी. पुलावर झाड एकटं, कळ्यांची फुलं झालेली, सगळीकडे वास. बाबा नाही. थोर्डिसबाई म्हणाल्या, "त्या सकाळीच निघाल्या. सगळ्या. काहीतरी बघायला जातो म्हणाल्या."

शहाऐंशी वर्षांची बाई, त्या रिकाम्या वाटा, ती एका बाजूने न उघडणारी दारं. मी डबा हातात घेऊन धावत सुटलो. पूल, मॉल, लिफ्ट, गल्ली. "बाबा! बाबा!" म्हणून हाका मारत होतो. कुठेही एक म्हातारी नाही. शेवटी दम लागून उभा राहिलो आणि फोन लावला. बराच वेळ घंटी वाजली. मागे हशा आणि कपबश्यांचा आवाज.

"बाबा! कुठे आहात तुम्ही?"

"मी कुठे आहे ते मला माहीत आहे," बाबा म्हणाली. "तू कुठे आहेस?"

मी आजूबाजूला पाहिलं. एक बंद झडप. एक प्लास्टिकचा माड. दोन्ही बाजूंना सारख्याच लांबीची, सारख्याच रंगाची, सारखीच रिकामी गल्ली.

"इथे एक माड आहे," मी म्हणालो.

पलीकडे बाबाने कोणाला तरी काहीतरी विचारलं. फ्रीझनबाईंचा आवाज आला, मग रोमुलोचा, मग सगळे एकदम बोलायला लागले, बहुधा कुठला माड यावर मतभेद होते. मग बाबा परत फोनवर आली. आवाजात दरारा होता, पण बऱ्याच दिवसांत न ऐकलेली मजाही होती.

"हलू नकोस," ती म्हणाली. "डबा सांडू नकोस. आम्ही तुला न्यायला येतोय."